गच्चीवरचा जामीन

फौजदारानं बुटाच्या टोकानं पत्र्याचा डबा उलटा केला आणि आमची कुलपं फरशीवर सांडली. पितळी, लोखंडी, गंजलेली, दाराची, ट्रंकेची, सायकलची. काहींचं पोट रझियाआपानं कापून उघडं ठेवलं होतं. किल्ली फिरली की आतल्या पिना कशा वरखाली होतात ते आम्हाला दिसावं म्हणून. त्यातलंच एक त्यानं उचललं आणि मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरलं.

“हे काय?”

“कुलूप आहे साहेब,” आपा म्हणाली.

“ते मलाही दिसतंय. पारध्यांच्या पोरांच्या हातात कुलूप कशाला, ते विचारतोय.”

“उघडायला.”

मागं उभे असलेले दोघं शिपाई फिसकन हसले. फौजदारानं वळून बघितलं तशी त्यांची तोंडं मिटली.

“बाई, माझ्याशी मस्करी नको. बाजारपेठेतल्या झाडून सगळ्या दुकानदारांनी सह्या करून अर्ज दिलाय. चोरांचं कॉलेज काढलंय म्हणतात तुम्ही. आणि काल खताचं दुकान फुटलं.”

“फुटलं ना? मी बघून आले. शटर पहारीनं उचकटलंय. माझ्या पोरांना पहार कशाला लागली असती? दोन तारा बास झाल्या असत्या.”

हे बोलायला नको होतं. पण आपाचं तोंड असंच होतं, खरं असेल ते बाहेर पडायचंच. फौजदाराचा चेहरा फुगला. आमच्या वर्गातली तिन्ही पोरं त्यानं सकाळीच पालावरून उचलून चौकीत नेऊन बसवली होती. गावात सायकलीची हवा गेली तरी आधी आमची पालं तपासायची रीत होती, तेव्हा त्याचं कुणाला नवल नव्हतं. पोरगी म्हणून मी तेवढी उरले होते.

“संध्याकाळपर्यंत हा पत्रा इथून काढा,” फौजदार म्हणाला. “उद्या इथं वर्ग दिसला तर तुम्हालाही आत घेईन. वयाकडं बघणार नाही.”

शिपायांनी कुलपं पोत्यात भरली. आपानं अडवलं नाही. ती नुसती हात छातीशी धरून उभी होती, कारण तिचे हात थरथरत होते. भीतीनं नव्हे. तिचे हात कायमच थरथरायचे, आणि खरं सांगायचं तर आमचा सगळा वर्ग त्या थरथरीतूनच निघाला होता.

रझियाआपाचं किल्ल्यांचं दुकान एसटी स्टँडच्या भिंतीला लागून होतं. नवरा उस्मानभाई गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं. पुढं हाताला कंप सुटला. दुसरी एखादी बाई दुकान विकून मोकळी झाली असती. आपानं दुकानामागं पत्र्याची शेड मारली, तालुक्याला खेटे घालून संस्था रजिस्टर केली, ‘हुन्नर’ असं नाव दिलं आणि थेट आमच्या पालावर आली. सरकारी शाळेत कारागिरी शिकायला जातीचा दाखला लागतो, दाखल्याला पुरावा लागतो, पुराव्याला घर लागतं, आणि घर बांधलं की गाव ते जाळतं. आपानं काहीच मागितलं नाही. पालाच्या मध्ये बसून ती म्हणाली, “तुम्हाला चोर म्हणतात ना? मग कुलूप उघडायला शिका. चोराला कुलूप उघडता येत नाही, तो तोडतो. उघडणारा कारागीर असतो. कारागिराला लोक दारापर्यंत बोलावून नेतात.”

आम्हाला लोक दारापर्यंत बोलावतील! पालावरच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या होत्या. मी हसले नाही. मी दुसऱ्या दिवशी गेले.

माझं नाव जामिनी काळे. मी जन्मले त्या दिवशी बापाला जामीन मिळाला, म्हणून हे नाव. शाळेत मास्तरानं ते सुधारून यामिनी लिहिलं होतं. मी शाळा सोडली आणि नाव परत घेतलं.

पहिल्यांदा कुलपात तार घातली तो दिवस मला अजून आठवतो. आपा म्हणाली, डोळे मीट, जोर करू नकोस, आत काय आहे ते बोटाला सांगू दे. मी डोळे मिटले आणि दचकले. आत काहीतरी जिवंत होतं. माझा बाप फासे लावून तितर धरायचा. धरलेल्या तितराच्या छातीवर बोट ठेवलं की आतलं काळीज कसं टुकटुक लागतं, तशा त्या पिना बोटाला लागत होत्या. एक उचलली, ती बसली. दुसरी उचलली, ती बसली. शेवटची बसली आणि कुलूप आपसूक वळलं. जगातली सगळी दारं माझ्या तोंडावर बंद होती, आणि दाराच्या पोटात एवढंसं नाजूक काहीतरी असतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

फौजदार गेला तेव्हा रस्त्याच्या पलीकडं माझा बाप उकिडवा बसलेला मला दिसला. सुभेदार काळे. आमच्यात अशीच नावं ठेवतात, ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याचं. उंच, काटक, एक खांदा चौकीत मोडलेला, तो तसाच वाकडा सांधलेला. पोलीस दिसेनासे होईतो तो जागचा हलला नाही. मग आला.

“चल घरी,” तो मला म्हणाला.

“सुभेदारभाऊ, बसा तर,” आपा म्हणाली. “चहा टाकते.”

“चहा नको, आपा. तुमचं उपकार हायेत. पर पोरगी नेतो. पोरं धरली, उद्या हिला धरतील. आन् दुसरं बी हाय.” तो थांबला. आपासमोर बोलायला लाजत होता. “आमच्यात बाई माडी चढत न्हाई. बाप्याच्या डोक्याच्या वर बाईचं लुगडं गेलं, तर बाप्या बाटला. पंच वाळीत टाकत्यात. हिच्या मागं धाकट्या दोघी हायेत लग्नाच्या. कुलपं काय समदी जमिनीवरच असत्यात व्हय?”

“मी तिला माडीवर कधी पाठवणार नाही. जबान देते.”

“बा, मी खालचीच कुलपं उघडीन,” मी म्हणाले.

“तू गप. तुझी कुलपं फौजदार घिऊन गेला.”

शेड रिकामी झाली होती. भिंतीवर पिनांचं एक मोठं चित्र आपानं खडूनं काढलेलं, तेवढं उरलं होतं. आपा ते पदरानं पुसायला लागली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात भाजीगाडीवाला धापा टाकत आला. “आपा! ढगे अण्णांच्या घरी चला! पोरगं आत कोंडलंय!”

ढगे अण्णा म्हणजे बाजारपेठेतले धान्याचे आडते. खाली दुकान, वर राहणं. अर्जावर त्यांचीही सही होती, पण ती सगळ्यांचीच होती, त्यामुळं त्यांना वेगळं काय म्हणणार. दुकानातल्या तारा आणि पट्ट्या घेऊन आम्ही धावत गेलो. बापही मागं आला. मला घेतल्याशिवाय तो परत जाणार नव्हता.

दुकानासमोर ही गर्दी. ढगेंची सून भाजी घ्यायला खाली आली होती आणि वाऱ्यानं वरचं दार आपटलं. ते दार लोखंडी, नवं बसवलेलं, आपटलं की आपोआप कुलूप लागणारं, आणि किल्ल्या आत. चोरांच्या भीतीनं बसवलेलं दार, चोर म्हणजे आम्ही. आत तीन वर्षांचा चिनू एकटा. गॅसवर दूध. दूध उतू जाऊन ज्योत विझली असणार, कारण कुणीतरी दगड मारून पुढच्या खिडकीची काच फोडली तर तिथून गॅसचा वास भपकन रस्त्यावर आला. खिडकीला गज. स्वयंपाकघर मागं, तिथं खिडकीच नाही. गच्चीचं दार आतून लावलेलं. बंब यायचा तो जिल्ह्याहून.

वेल्डिंगवाला कटरचं मशीन घेऊन जिन्याकडं निघाला होता. आपानं त्याच्या पाठीत बुक्की घातली.

“मरायचंय का? ठिणगी पडली तर पोरगंही जाईल आणि तूही! घणही मारू नका. कुणी बेलला हात लावू नका. खालचं मेन स्विच कुठंय? नको, राहू दे, त्यालाही हात नको. विड्या टाका, विड्या!”

वरून चिनूच्या रडण्याचा आवाज येत होता. त्याची आई जिन्याच्या पायरीवर बसून छाती बडवत होती.

“मग तुम्ही उघडा ना, आपा,” ढगे अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

आपानं दोन्ही हात पुढं केले. ते वाऱ्यातल्या पानांसारखे हलत होते. “या हातांनी आता माझ्या घराचंही कुलूप उघडत नाही. माझी तिन्ही पोरं यांनी चौकीत बसवलीत.” तिनं फौजदाराकडं बोट केलं. तोही गर्दी बघून आला होता, आमच्या कुलपांचं पोतं अजून त्याच्या जीपमध्येच होतं. “ही एक आहे.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला माणसांनी बघायची सवय होती, पण ती पळवून लावायच्या आधी बघतात तशी. हे बघणं वेगळं होतं. त्यात नाइलाज होता.

“पारधीण?” कुणीतरी म्हणालं.

“घरात तिजोरी आहे, अण्णा,” दुसरं कुणी म्हणालं. पोरगं आत गुदमरत होतं आणि माणसाला तिजोरी आठवत होती. तो माणूस कोण ते मला माहीत आहे. अजून जिवंत आहे, देवळात पुढं बसतो.

“जाऊ द्या तिला!” ढगेंची सून ओरडली. “जाऊ द्या हो!”

फौजदारानं क्षणभर विचार केला. मग माझ्या बापाकडं काठी रोखली. “हिचा बाप ना तू? पोरगी वर जाईल. तू इथं, खाली, माझ्या नजरेसमोर जामीन राहशील. काही इकडचं तिकडं झालं तर आधी तुला सोलीन. जागचा हलायचं नाही.”

मी जिन्यापाशी गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच राहिले.

बाप खाली होता. बरोबर जिन्याच्या बाजूला, भिंतीला टेकवून उभा केलेला. मी चढले की माझं लुगडं त्याच्या डोक्यावरून जाणार. बाकीचे शंभर बाप्ये खाली होते, ते आमचे नव्हते, ते बाटले काय आणि न बाटले काय. पण माझा बाप बाटला की पालावर त्याच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही. माझ्या बहिणींना कुणी नवरा देणार नाही. आई मेली तर खांदा मिळणार नाही. बाहेरच्या जगानं आम्हाला कधीच टाकलं होतं. आतलं जग तेवढं होतं, आणि ते या जिन्याच्या पायरीवर लटकत होतं.

“चढ ना गं!”

“थांबली कशाला?”

“नाटकं करतेय. पैसे पाहिजे असतील.”

वर चिनूचं रडणं थांबलं.

गर्दीही थांबली. मी बापाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. मान मागं टाकून तो त्या घराकडं बघत होता, पायथ्यापासून गच्चीपर्यंत, जंगलात एखाद्या झाडाकडं बघावं तसा. मग त्यानं धोतराचा काचा मारला.

“मी खाली थांबनार न्हाई,” तो फौजदाराला म्हणाला. चौकीतल्या माणसाला तो असं काही म्हणाल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आणि तो पळाला. रस्त्याकडं नाही. घराकडं. कोपऱ्यावरच्या पावसाच्या पाण्याच्या पायपाला त्यानं मिठी मारली, पाय भिंतीला लावले आणि चढायला लागला.

“धरा! धरा त्याला!”

“अरे घरात घुसतोय!”

फौजदाराचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. “ए सुभेदाऱ्या! उतर! गोळी घालीन!”

आपा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तिची उंची त्याच्या छातीपर्यंतही नव्हती. “घाला गोळी. गॅस भरलेल्या घरावर घाला. बघू काय उडतं ते.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “साहेब, तुम्हाला जामीन नजरेसमोर पाहिजे ना? तो बघा. सगळ्या गावाच्या नजरेसमोर आहे.”

ज्या गोष्टीसाठी माझ्या बापाला आयुष्यभर मारलं, जी त्यानं कधी केली नव्हती, ती तो भर दुपारी, पोलिसाच्या देखत, सगळ्या बाजारपेठेच्या देखत करत होता. लोकाच्या घरावर चढत होता. मोडका खांदा वर उचलताना त्याचं तोंड वाकडं होत होतं. खिडकीच्या छज्ज्यावर पाय, पुन्हा पायपाला हात, मग कठड्याची कड. एकदा हात सुटला आणि खाली बायका किंचाळल्या. मग त्यानं अंग झोकलं आणि तो गच्चीवर उभा राहिला. मागं नुसतं आभाळ.

तिथून त्यानं तितराची साद घातली.

फासे लावून बाप रानात लपायचा तेव्हा आम्ही पोरं कुठंतरी लांब दबून बसायचो. तो कुठं आहे हे आम्हाला कळावं म्हणून तो ही साद घालायचा. मी माझ्या जागी आहे, तुम्ही हला आता, असा तिचा अर्थ. बाजारपेठेत ती कुणाला कळणार? लोकांनी वर बघितलं आणि त्यांना वाटलं माणूस वेडा झाला.

मला कळलं. तो माझ्या वर होता. माझं लुगडं आता कितीही चढलं तरी त्याच्या डोक्यावर जाणार नव्हतं.

मी जिना चढले. आयुष्यातला पहिला जिना. पाय कुठं किती उचलायचा ते नेमकं कळत नव्हतं, दोनदा ठेचकाळले. दारापाशी वास डोक्यात गेला. आपानं खालून सांगितलं होतं तसं मी तोंडाला ओला पदर बांधला. आधी पत्र्याची पट्टी फटीत सरकवून बघितली. चौकटीला आतून लोखंडी कड होती, पट्टी अडली. मग तारा काढल्या. एक ताण द्यायला, एक शोधायला.

पहिली पिन सापडेना. सापडली ती बसेना. बसली ती सुटली. दाराच्या पलीकडं काहीच आवाज नाही. माझ्या डोक्यात एकच चाललेलं, तो मेला, तो मेला, आणि आता खालचे लोक आम्हा सगळ्यांना मारणार.

पुन्हा साद आली. आता अगदी डोक्यावरून, स्लॅबच्या वरून, आणि तिच्याबरोबर टाचेचा ठोका. ठप. मी हाय. ठप. मी हाय. तो माझ्या बरोबर वर येऊन उभा होता, सिमेंटच्या पलीकडं.

मी डोळे मिटले.

आत काळीज लागलं, टुकटुक. एक उचलली, बसली. दुसरी बसली. तिसरी अडून राहिली, तिला सोडली, पुढची घेतली, मग तिच्याकडं परत आले. जोर नाही केला. बोटाला सांगू दिलं. आणि कुलूप वळलं, इतकं हलकं वळलं, की एवढ्याशा गोष्टीसाठी जग कसं अडून बसतं याचं मला हसू आलं. खरंच हसले मी, गॅसनं भरलेल्या त्या जिन्यात.

चिनू दाराच्या आतल्या बाजूलाच आडवा पडला होता, तोंड खालच्या फटीला लावून. आईचा आवाज तिथून येत होता म्हणून तिथं येऊन निजला असेल. तेवढ्या फटीतल्या हवेवर तो होता. उचलला तर ढिला. मी त्याला घेऊन जिन्याच्या मध्यापर्यंत आले तसा तो खोकला, आणि माझ्या खांद्यावर ओकला. माझ्या अंगावर इतकी चांगली वस्तू दुसरी कधी पडली नाही.

पोरगं आईच्या हातात दिलं. परत वर गेले, सिलिंडरचं बटण बंद केलं, सगळी दारं उघडली. तिजोरी दिसली. बघून आले.

खाली रस्त्यात सगळ्यांच्या माना अजून मागं होत्या. बाप कठड्यावर उभा होता. मोडका हात पोटाशी, दुसरा सुटा. बाजारपेठ त्याच्या पायाखाली, फौजदार त्याच्या पायाखाली. आमच्यातला माणूस मी तोवर नेहमी बसलेला बघितला होता. चौकीत बसलेला, कोर्टाबाहेर बसलेला, रस्त्याच्या कडेला उकिडवा. इतका उंच माणूस मी पहिल्यांदा बघितला.

“उतर आता!” फौजदार ओरडला, पण त्यात दम नव्हता.

“आधी तिला उतरू द्या,” बाप वरून म्हणाला.

मी शेवटची पायरी उतरून जमिनीवर आले. ते त्यानं नीट बघून घेतलं, मग पायपाला हात घातला.

यानंतर गाव सुधारलं असं कुणाला वाटत असेल तर वाटू नये. ढगेंच्या सुनेनं माझे पाय धरले, ते खरं. पण दुसऱ्याच दिवशी अण्णांनी दाराचं कुलूप बदललं, परगावचा माणूस आणून. त्यांचीही चूक कशाला म्हणू, भीती जुनी होती. पोरं रात्री सुटली. कुलपांचं पोतं आठवड्यानं परत आलं, एका शिपायानं आणून टाकलं आणि मान खाली घालून आपाला म्हणाला, “साहेबांच्या कपाटाची किल्ली हरवलीय. ती पोरगी पाठवता का?” आपा म्हणाली, “कपाट जमिनीवर आहे ना? मग पाठवते.”

पंचांनी बापाला बोलावलंच. लिंबाच्या झाडाखाली सगळी जात बसली. बायांना तिथं जागा नाही, मी पालाआडून ऐकत होते.

“तुजी पोरगी माडी चढली. खरं का खोटं?”

“खरं.”

“मग तू बाटला.”

“मी तिच्या वर हुतो,” बाप म्हणाला. “माझं पाय तिच्या डोक्याच्या वर हुतं. अख्ख्या गावानं बघितलं.”

“साक्षीदार कोन? आपला मानूस पायजे न्हाईतर सरकारी.”

“सरकारीच हाय. फौजदार. बोलवा त्याला हितं पंचात, सांगंल तो.”

फौजदाराला आपण होऊन पालावर बोलवायचं! पंचांच्या सात पिढ्यांत कुणी असं काही केलं नव्हतं. मग सगळ्यात म्हाताऱ्या पंचानं पान थुंकलं आणि म्हणाला, “हाय ते बरोबर हाय. उठा.”

आज ‘हुन्नर’ मी चालवते. आपा गेली, तिचं ते खडूचं चित्र मी शेडच्या भिंतीवर पुन्हा काढलंय. बाप गेला त्यालाही आता वर्षं झाली. माझ्या वर्गातल्या पोरी शहरात लिफ्टनं उंच उंच मजल्यांवर जातात, कुलपं उघडतात, तिथंच चहा पिऊन येतात. त्यांना ही गोष्ट सांगितली तर त्या हसतात, खुळी रीत म्हणतात. खुळी होतीच. तिच्यापायी चिनू मरायची वेळ आली होती. पण ती मोडायची नाही आणि मलाही थांबवायचं नाही, अशी एकच जागा सगळ्या गावात शिल्लक होती, आणि ती माझ्या बापानं मान वर करून शोधून काढली.

मी अजून कामावर जाते. दारापाशी बसायच्या आधी एकदा छताकडं बघते. मग डोळे मिटते.